शरीरांतराने लाभणारा पुत्र : कॅरिल चर्चिल यांच्या 'अ नंबर' या नाटकातील शोक आणि नीती

१

करुण आणि विप्रलंभ या दोहोंतही अश्रू आहेत, निःश्वास आहेत, चिंता आणि ग्लानी आहेत. मग या दोहोंत भेद तो कोणता, हा प्रश्न 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात उपस्थित झाला आहे. भरताने त्याचा निर्णय एकाच निकषावर केला. जेथे पुनर्भेटीची आशा शिल्लक आहे, तो भाव सापेक्ष आणि म्हणून विप्रलंभाचा; जेथे ती आशा सर्वथा मावळली आहे, तो भाव निरपेक्ष आणि म्हणून करुणाचा. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त या दोन टोकांच्या मध्ये करुणविप्रलंभाला स्थान दिले. प्रेमी युगुलापैकी एकाचा मृत्यू झाला आहे, परंतु तो पुन्हा लाभणार आहे, अशा स्थितीतील दुःख ते करुणविप्रलंभाचे. 'कादंबरी'तील महाश्वेता आणि पुंडरीक यांचा वृत्तान्त हे त्याचे उदाहरण. पण हे सांगत असतानाच विश्वनाथाने एक पुस्ती जोडून ठेवली आहे. गेलेली व्यक्ती पुन्हा लाभणार नसेल, किंवा लाभणार असली तरी दुसऱ्या शरीराने लाभणार असेल, तर तेथे करुणच मानावा, असे तो म्हणतो.

ही पुस्ती पुनर्जन्माच्या कथा समोर ठेवून लिहिली गेली असणार हे उघड आहे. विश्वनाथाच्या दृष्टीने आत्मा तोच असला, तरी शरीर बदलले म्हणजे शोकाचे कारण संपत नाही. कारण शोक करणाऱ्याने जिच्यावर प्रेम केले ती व्यक्ती या देहात, या स्वरात, या सहवासात होती. सहा शतकांनंतर हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला जाऊ लागला आहे. शरीराचा आराखडा तोच, परंतु त्यात राहणारा 'मी' निराळा, अशी व्यक्ती निर्माण करता आली, तर शोकाचे काय होईल? मानवी क्लोनिंगचा विषय हाताळणाऱ्या नाट्यवाङ्मयात या प्रश्नाला सर्वांत काटेकोर रूप दिले ते ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांच्या 'अ नंबर' या नाटकाने. या नाटकाची चर्चा बहुधा व्यक्तीच्या अनन्यतेचे नाटक, अथवा आनुवंशिकता श्रेष्ठ की संगोपन या वादाचे नाटक, अशा भूमिकेवरून केली जाते. ती भूमिका चुकीची नसली तरी अपुरी आहे. वस्तुतः हे शोकाचे नाटक आहे. अधिक नेमके बोलायचे तर, शोक टाळण्याचे आणि अखेर तो टाळता न येण्याचे नाटक आहे. त्याचा नैतिक आशयही या अंगानेच उलगडतो.

२

'अ नंबर'चा पहिला प्रयोग सप्टेंबर २००२ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये स्टीफन डॉल्ड्री यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. मायकेल गॅम्बन यांनी पित्याची आणि डॅनियल क्रेग यांनी पुत्रांची भूमिका केली. १९३८ मध्ये जन्मलेल्या चर्चिल यांची 'क्लाउड नाइन' (१९७९) आणि 'टॉप गर्ल्स' (१९८२) ही नाटके तोवर सर्वत्र अभ्यासिली जात होती. एकाच नटाने अनेक पात्रे करण्याची युक्ती त्यांनी त्या नाटकांतही योजली होती. 'अ नंबर'मध्ये तीच युक्ती आशयाचा कणा बनली आहे.

नाटक लिहिले गेले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत डॉली ही मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशीचे केंद्रक, दुसऱ्या मेंढीच्या केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत घालण्यात आले होते. अशा २७७ पुनर्रचित अंडपेशींपैकी केवळ एकीतून जिवंत कोकरू निपजले. फेब्रुवारी १९९७ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध होताच मेंढीवरून चर्चा माणसावर आली. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटनच्या संसदेने प्रजोत्पादनासाठी मानवी क्लोनिंग करण्यास बंदी घालणारा कायदा केला. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी क्लोनिंगविरुद्ध, बंधनकारक नसलेला, जाहीरनामा संमत केला. या प्रकारे मानवाचा जन्म झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि या वादात क्लोनिंगच्या बाजूने जी कारणे पुढे केली गेली, त्यांत एक कारण वारंवार आढळते व ते इतर सर्व कारणांहून अधिक हृदयस्पर्शी आहे. ज्यांचे मूल अकाली गेले त्या मातापित्यांना ते मूल परत मिळावे, हे ते कारण होय. चर्चिल यांनी नेमके हेच कारण उचलले आणि त्याची परीक्षा केली.

कृत्रिम मानवाच्या नाट्यपरंपरेत हा बदल लक्षणीय आहे. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या नाटकात कृत्रिम माणसे कारखान्यात निर्माण होतात, ती श्रमासाठी आणि नफ्यासाठी. 'रोबो' हा शब्दच मुळी वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दावरून आला. तेथे अपराध समाजव्यवस्थेचा आहे आणि त्याची शिक्षा सबंध मानवजातीला भोगावी लागते. 'अ नंबर'मध्ये कारखाना नाही, बंड नाही, प्रयोगशाळाही दिसत नाही. दिसते ते एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या माणसाचे घर, आणि त्या घरी एकेकटे येऊन बोलणारे त्याचे मुलगे. विज्ञानाची अद्भुतता घराच्या उंबरठ्याआत आणल्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटते. माणूस निर्माण करता येईल काय, हा प्रश्न मागे पडतो. गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा माणूस ठेवता येईल काय, हा प्रश्न पुढे येतो.

३

नाटकात पाच प्रवेश आहेत आणि प्रत्येक प्रवेशात दोनच पात्रे. साठी ओलांडलेला सॉल्टर हा पिता सर्व प्रवेशांत आहे. त्याच्यासमोर येणारे तीन पुरुष एकाच नटाने वठवावयाचे आहेत. पहिल्या प्रवेशात पस्तीस वर्षांचा बर्नार्ड इस्पितळातून एक विलक्षण बातमी घेऊन येतो. त्याच्यासारखेच आणखी अनेकजण अस्तित्वात आहेत. नाटकाच्या शीर्षकातील इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ 'कित्येक' असाही आहे आणि 'एक अंक' असाही. माणूस व्यक्ती आहे की मोजदादीतील अंक आहे, हा संशय शीर्षकापासूनच सुरू होतो. या बातमीवर सॉल्टरची पहिली प्रतिक्रिया मोठी सूचक आहे. मुलाची अनन्यता चोरीस गेली असून त्याबद्दल खटला भरून प्रत्येक प्रतीमागे मोठी नुकसानभरपाई मागता येईल, असे तो बोलू लागतो. जे अमूल्य म्हणून दुखावले गेले, त्याचे मूल्य ठरविण्याकडेच त्याचे मन प्रथम धावते.

यानंतर प्रवेशागणिक सॉल्टरची हकीकत बदलत जाते. प्रथम तो म्हणतो की बर्नार्ड हाच मूळ मुलगा आहे आणि डॉक्टरांनी परवानगीवाचून त्याच्या पेशी घेतल्या असाव्यात. मग तो कबूल करतो की मूळ मुलगा निराळा होता, परंतु चार वर्षांचा असताना तो आपल्या आईबरोबर मोटार-अपघातात गेला. त्या मुलाच्या पेशींपासून हा बर्नार्ड निर्माण केला. ही दुसरी हकीकत ऐकून बर्नार्डचा राग ओसरतो, आणि प्रेक्षकाचाही. शोकाने वेडावलेल्या बापाला क्षमा करावयास कोण तयार होणार नाही? पण दुसऱ्याच प्रवेशात चाळीस वर्षांचा एक माणूस सॉल्टरसमोर उभा राहतो. हा मूळ बर्नार्ड. तो मेलेला नाही. तिसऱ्या प्रवेशात खरी हकीकत बाहेर येते. अपघात झालाच नव्हता. मूल दोन वर्षांचे असताना त्याच्या आईने आगगाडीखाली आत्महत्या केली. दारूच्या आहारी गेलेल्या बापाला मुलाचा सांभाळ करवला नाही. मूल अबोल, भेदरलेले, बिघडलेले झाले. आणि चौथ्या वर्षी बापाने ते दुसऱ्यांच्या स्वाधीन केले. मग त्याच मुलाच्या पेशींपासून त्याने नवे मूल करविले, दारू सोडली, आणि या दुसऱ्या मुलाला प्रेमाने वाढविले. डॉक्टरांनी त्याच्या नकळत आणखीही प्रती केल्या, हा भाग निराळा.

एकाच घटनेच्या या तीन हकीकती म्हणजे सॉल्टरच्या शोकाच्या तीन आवृत्त्या होत. पहिल्या आवृत्तीत शोकाला जागाच नाही, कारण कोणी गेलेलेच नाही. दुसरीत शोक आहे आणि तो सर्वमान्य आहे. त्याला प्रेक्षकाची सहानुभूती आपोआप मिळते. तिसरीत असे दिसून येते की दुसऱ्या आवृत्तीतील शोक खोटा होता. ज्याचे दुःख सांगितले गेले तो मुलगा जिवंत होता, आणि ज्या स्त्रीचा मृत्यू खरोखर झाला होता तिच्याविषयी सॉल्टर कोठेच धड शोक करीत नाही. येथे नाटकाची खरी पकड आहे. मृत मुलासाठी क्लोनिंग करणारा बाप हे उदाहरण नीतिशास्त्राच्या चर्चेत नेहमीच निष्पाप म्हणून पुढे केले जाते. चर्चिल यांनी ते उदाहरण प्रेक्षकाच्या हाती दिले, त्याची सहानुभूती मिळविली, आणि मग त्या उदाहरणाच्या तळाशी काय असू शकते ते दाखविले. सॉल्टरला मूल परत हवे होते असे नाही. त्याला मुलाशी वागण्यातील स्वतःची चूक नाहीशी व्हावयास हवी होती. तो ज्याला शोक म्हणत होता तो पश्चात्तापाला चुकविण्याचा एक मार्ग होता.

४

चौथ्या प्रवेशात हे अधिक उघड होते. मूळ बर्नार्डने परदेशी निघून गेलेल्या दुसऱ्या बर्नार्डचा पाठलाग करून त्याचा खून केला आहे. त्याच्यासमोर सॉल्टर आपले समर्थन करतो, आणि ते समर्थन कोणत्याही आरोपापेक्षा भयंकर ठरते. आपण त्या बिघडलेल्या मुलाला मारूनही टाकू शकलो असतो, पण सोडून दिले. आपल्याला निराळे मूल नको होते, तेच हवे होते, कारण आरंभी ते परिपूर्ण होते, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. 'तेच पुन्हा' या इच्छेतील क्रौर्य येथे स्पष्ट होते. ज्या मुलावर प्रेम केले असे तो म्हणतो, ते मूल समोर उभे आहे. चाळीस वर्षांचे, उद्ध्वस्त, हाताला रक्त लागलेले. पण सॉल्टरच्या लेखी ते मूल म्हणजे एका उत्तम आरंभाचा बिघडलेला खर्डा. खर्डा फाडून टाकावा आणि स्वच्छ कागदावर पुन्हा लिहावे, तसे त्याने केले.

क्लोनिंगवरील नैतिक आक्षेपांत एक आक्षेप असा असतो की क्लोन केलेली व्यक्ती केवळ साधन म्हणून निर्माण होते. तिला साध्य म्हणून मान दिला जात नाही. कान्टच्या नीतिविचारावर आधारलेला हा आक्षेप दुसऱ्या बर्नार्डला लागू पडतो असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नाटक बारकाईने पाहिले तर परिस्थिती उलटी आहे. दुसऱ्या बर्नार्डला प्रेम मिळाले, घर मिळाले, शुद्धीवर असलेला बाप मिळाला. ज्याला साधन बनविण्यात आले तो मूळ बर्नार्ड होय. त्याच्या देहातून काही पेशी घेतल्या गेल्या आणि उरलेला मुलगा टाकून देण्यात आला. 'मूळ' हा शब्द एरव्ही प्रतिष्ठेचा. येथे तो कच्च्या मालाचा वाचक झाला. रात्री अंधारात आपण हाका मारीत होतो तेव्हा तुम्हाला त्या ऐकू येत होत्या काय, असे तो बापाला विचारतो. सॉल्टर या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ शकत नाही. सबंध नाटकात नीतीचा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत अन्यत्र विचारला गेलेला नाही. प्रयोगशाळेत काय केले याचा जाब येथे मागितलेला नाही. हाक ऐकू आली असता बाप उठला का नाही, याचा जाब मागितला आहे.

दुसरा एक आक्षेप हान्स योनास या तत्त्वचिंतकाने १९७०च्या दशकातच मांडला होता. क्लोन केलेल्या व्यक्तीला आपल्या आधी जगलेल्या एका जीवनाची छाया सतत सोबत करते. आपण कोण होऊ हे ठाऊक नसण्याचा जो माणसाचा हक्क, तो तिच्यापासून हिरावला जातो, असे त्यांचे म्हणणे. चर्चिल यांच्या नाटकात या मताला एक पुष्टी आहे आणि एक खंडनही आहे. दुसरा बर्नार्ड पस्तीस वर्षे अज्ञानात सुखी होता. ज्ञान होताच त्याची झोप उडाली आणि मूळ बर्नार्डला भेटल्यावर तर तो भयाने देश सोडून गेला. येथवर योनास यांचा सिद्धान्त खरा ठरतो. परंतु पाचव्या प्रवेशातील मायकेल ब्लॅक या तिसऱ्या पुरुषाला तेच सत्य समजले असूनही त्याची शांती ढळत नाही. यावरून असे अनुमान निघते की छाया ज्ञानाने पडत नाही, नात्याने पडते. मायकेलला सॉल्टरने वाढविले नाही, टाकलेही नाही. त्याला कोणाच्या जागी आणलेले नाही. म्हणून तो केवळ मायकेल असू शकतो. क्लोन असणे हे दुर्दैव नव्हे. कोणाच्या तरी ऐवजी असणे हे दुर्दैव होय.

५

दोन्ही बर्नार्ड गेल्यानंतर पाचवा प्रवेश येतो. दुसऱ्याचा खून झाला आणि पहिल्याने आत्महत्या केली. हे दोन्ही मृत्यू रंगमंचाबाहेर घडतात. सॉल्टर आता इतर प्रतींपैकी एकाला भेटतो आहे. मायकेल ब्लॅक हा गणिताचा शिक्षक. त्याला पत्नी आहे, तीन मुले आहेत. सॉल्टर त्याला पुन्हा पुन्हा विनवितो की स्वतःविषयी काहीतरी खास, अगदी आतले असे सांग. मायकेल मनापासून प्रयत्न करतो. तो इतरांविषयी बोलतो, जगाविषयी बोलतो, पत्नीच्या कानांचे कौतुक करतो. सॉल्टरचे समाधान होत नाही. सर्व माणसांचा आनुवंशिक वारसा बहुतांशी समान आहे, चिंपांझीशीही पुष्कळ साम्य आहे, फार काय लेट्यूसच्या पाल्याशीही काही अंशी नाते आहे, असे मायकेल त्याला सांगतो, आणि त्या विचाराने त्याला स्वतःला मौज वाटते. अखेरीस सॉल्टर त्याला तो सुखी आहे का असे विचारतो. मायकेल होकार देतो आणि त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त करतो. येथे नाटक संपते.

हा प्रवेश वरवर हलकाफुलका आहे आणि म्हणून कित्येकांना तो उपसंहारासारखा वाटतो. वस्तुतः नाटकातील खरा शोक येथे प्रथमच प्रकट होतो. आतापर्यंत सॉल्टरच्या मनाचा भाव भरताच्या परिभाषेत सापेक्ष होता. येथे भरताचा केवळ निकष उसना घेतला आहे. पितापुत्रांच्या नात्यात विप्रलंभ शृंगार कल्पिण्याचा प्रश्न नाही, हे सांगणे नलगे. मुलगा गेला तरी तो पुन्हा मिळविता येतो, ही अपेक्षा सॉल्टरच्या सबंध आयुष्याचा आधार होती. त्या अपेक्षेमुळे त्याला पहिल्या मुलाचा शोक करावा लागला नाही, पत्नीचाही नाही. आता त्याच्यासमोर अपेक्षापूर्तीचे साधन मुबलक आहे. तोच चेहरा, तोच आवाज, तेच वय. एक नव्हे, अनेक. आणि नेमके याच क्षणी त्याला कळते की यांतील कोणीही बर्नार्ड नाही. मायकेलला तो जे मागतो आहे ते मायकेलपाशी नाही. ते ज्यांच्यापाशी होते ते दोघेही मेले. सापेक्ष भाव निरपेक्ष होतो. विश्वनाथाची पुस्ती अक्षरशः खरी ठरते. शरीरांतराने लाभलेला पुत्र समोर उभा असतानाच करुणाचा उदय होतो.

एकाच नटाने तिन्ही पुत्र वठविण्याच्या योजनेचे सामर्थ्यही येथेच प्रत्ययास येते. प्रेक्षकाला डोळ्यांनी एकच माणूस दिसतो. पण पाचव्या प्रवेशात तो नट आत येतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात, मेलेला परत आला, असा दिलासा उमटत नाही. हा तो नव्हे, ही जाणीव अधिक तीव्र होते. क्लोनिंगने शोक दूर होईल काय, हा प्रयोग अशा रीतीने प्रेक्षकाच्या स्वतःच्या मनावरच केला जातो, आणि उत्तर त्याला युक्तिवादावाचून मिळते. २००६ मध्ये शेफील्ड येथील प्रयोगात टिमोथी वेस्ट आणि सॅम्युएल वेस्ट या खऱ्या पितापुत्रांनी या भूमिका केल्या. रक्ताचे साम्य रंगमंचावर साक्षात असताना परकेपणाचे हे संवाद ऐकणे हा निराळाच अनुभव असणार. चर्चिल यांची संवादरचनाही या परिणामास पोषक आहे. वाक्ये अर्ध्यावर तुटतात, विरामचिन्हे विरळ आहेत, रंगसूचना जवळपास नाहीत. सॉल्टर वाक्य पुरे करीत नाही, कारण पुरे केले तर सत्य सांगावे लागेल.

येथे स्टानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) या कादंबरीची तुलना उपकारक ठरेल. तिच्यावरून आंद्रेई तार्कोव्हस्की यांनी १९७२ मध्ये चित्रपट केला. तेथेही आत्महत्या केलेली पत्नी आहे, अपराधी पती आहे, आणि त्या पत्नीचे प्रतिरूप परत येते. परंतु ते प्रतिरूप पतीच्या स्मृतीतून घडलेले असते. पतीला ती जितकी आठवते तितकीच ती आहे. त्यामुळे लेम यांच्या नायकाचा शोक स्वतःच्याच मनाशी झुंजत राहतो. क्लोनचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. त्याला देहाचा वारसा मिळतो, स्मृतीचा मिळत नाही. दुसऱ्या बर्नार्डला आपली आई आठवत नाही, रात्रीच्या हाका आठवत नाहीत. सॉल्टरला हेच हवे होते. ज्याला काही आठवत नाही असा मुलगा म्हणजे ज्याच्यापाशी पुरावा नाही असा साक्षीदार.

६

नाटकाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. सबंध नाटकात एकही स्त्रीपात्र नाही. मृत पत्नी केवळ उल्लेखात येते आणि तिच्या आत्महत्येचे कारण अंधारात राहते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की क्लोनिंगला अंडपेशी लागते आणि गर्भाशय लागते. दुसऱ्या बर्नार्डला नऊ महिने उदरात वाहणारी कोणी स्त्री असलीच पाहिजे. तिच्याविषयी सॉल्टर बोलत नाही, बर्नार्डही तिच्याविषयी विचारीत नाही. ज्या लेखिकेने स्त्रीच्या श्रमाचे आणि मातृत्वाचे प्रश्न 'टॉप गर्ल्स'मध्ये इतक्या प्रखरपणे मांडले, तिच्या हातून हे अनवधानाने घडले असेल असे मानणे कठीण आहे. पित्याने एकट्याने पुत्र निर्माण केल्याची सॉल्टरची कल्पना किती पोकळ आहे, हे दाखविण्यासाठी ही अनुपस्थिती योजिली असावी, असे म्हणता येईल. तथापि नाटक त्या पोकळपणाकडे बोट दाखवीत नाही, आणि त्यामुळे प्रेक्षकही सॉल्टरबरोबर ती स्त्री विसरून जाण्याचा संभव राहतो. शोकास पात्र असलेल्या व्यक्तींच्या यादीतून दोन स्त्रिया अशा गळतात, हे या करुणाचे उणेपण होय.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की सॉल्टर हा दोषी बाप असल्यामुळे नाटकाचा निष्कर्ष दोषी बापांपुरताच मर्यादित राहतो. ज्याचे मूल खरोखर अपघातात गेले अशा निरपराध बापाविषयी नाटक काहीच सांगत नाही. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. क्लोनिंगचे कठोर विरोधक लिऑन कास यांनी १९९७ मध्ये अशी भूमिका घेतली होती की माणसाला क्लोनिंगविषयी वाटणाऱ्या सहज तिरस्कारातच एक शहाणपण आहे. चर्चिल यांची भूमिका अशी सर्वव्यापी नाही. मायकेलसारखे पात्र निर्माण करणारी लेखिका क्लोनचा तिरस्कार करीत आहे असे म्हणताच येणार नाही. परंतु निरपराध बापाच्या बाबतीतही पाचव्या प्रवेशाचा निष्कर्ष टळत नाही. त्याला खोटे बोलावे लागणार नाही हे खरे. पण जे मूल परत आले ते गेलेले मूल नव्हे, हे त्यालाही एक दिवस कळेल. त्या दिवशी त्याच्यासमोर दोनच मार्ग राहतील. एक, नव्या मुलाला नवे मूल मानून गेलेल्यासाठी शोक करणे. आणि दुसरा, नव्याला जुन्याच्या मापाने मोजत राहणे. पहिला मार्ग स्वीकारला तर क्लोनिंगची गरज नव्हती. दुसरा स्वीकारला तर नव्या मुलावर अन्याय होतो.

७

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त दुसऱ्या अंकात अशी वार्ता येते की रामाने अश्वमेधासाठी दुसरी पत्नी केली नसून सीतेची सुवर्णप्रतिमा सहधर्मचारिणीच्या स्थानी बसविली आहे. विदर्भातील पद्मपूरच्या या कवीने रंगविलेला राम आणि चर्चिल यांचा सॉल्टर यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही प्रिय व्यक्तीचा त्याग स्वतः केला आहे आणि दोघांनीही तिच्या जागी प्रतिकृती आणली आहे. परंतु रामाला प्रतिमा ही प्रतिमा आहे हे पुरते ठाऊक आहे. ती जागा भरीत नाही, ती जागा रिकामी असल्याचे रोज सांगते. म्हणून तिसऱ्या अंकात त्याचा शोक अनावर होऊन वाहू शकतो. सॉल्टरची प्रतिकृती जिवंत आहे, ती बोलते, हसते, त्याला बाबा म्हणते. म्हणून ती रिकामी जागा झाकून टाकते आणि तीस-पस्तीस वर्षे शोकाला वाट मिळू देत नाही. सोन्याची सीता कोणावर अन्याय करीत नाही; जिवंत प्रतिकृतीवर मात्र, तिला प्रतिकृती मानण्यानेच, अन्याय होतो.

या नाटकाचे महत्त्व क्लोनिंगच्या तंत्राच्या यशापयशावर अवलंबून नाही. मृत पाळीव कुत्र्याचे वा मांजराचे क्लोन करून देणारे व्यवसाय आज अस्तित्वात आहेत आणि शोकाकुल मालक त्यांचे ग्राहक आहेत. मृतांनी मागे ठेवलेल्या संदेशांवरून त्यांच्यासारखे बोलणारी यंत्रेही तयार होऊ लागली आहेत. साधने बदलत जातील, परंतु त्या प्रत्येकामागे सॉल्टरची तीच इच्छा आढळेल. 'अ नंबर'ने या इच्छेचा धिक्कार केला नाही, तिची फोड केली. गेलेल्या माणसासाठी शोक करणे म्हणजे तो एकच होता, त्याच्यासारखा दुसरा नाही आणि असणार नाही, याची कबुली देणे होय. ही कबुली मृताचे ऋण आहे आणि जिवंताचे संरक्षणही आहे; कारण तीमुळेच मागाहून येणारा प्रत्येकजण कोणाच्या ऐवजी नव्हे, तर स्वतः म्हणून येऊ शकतो. सॉल्टरला ही कबुली देण्याची बुद्धी झाली तेव्हा त्याचे दोन पुत्र मेले होते आणि समोर बसलेला तिसरा, त्याचा कोणी लागत नसलेला, सुखी माणूस होता.